पेरणीयंत्राची चकती आणि तिची फाईल

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला, जमिनीस वाफसा आला, आणि नेमकी त्याच वेळीं टोकणयंत्राच्या बियाणेपेटींतील चकती तडकलेली निघाली, तर त्या शेतकऱ्याचे पुढचे आठ दिवस कसे जातात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. यंत्र जुनें असलें व कारखान्यानें तो नमुना बंद केला असला, म्हणजे तर चकती बाजारांत मिळतच नाहीं. हातानें टोकण करावी तर मजूर नाहीं, आणि थांबावें तर वाफसा जातो. दौलताबादेच्या शिवारांत ज्यांचीं मका, कापूस, तूर हीं पिकें आहेत त्यांच्यापुढें हा प्रसंग कोणत्याही वर्षीं येण्यासारखा आहे.

अशी चकती प्लॅस्टिकच्या तारेचे थरावर थर देऊन छापून घेण्याची सोय आतां झाली आहे. तिला त्रिमिती छपाई किंवा थ्री-डी प्रिंटिंग म्हणतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील औद्योगिक वसाहती जवळ असल्यामुळें या कामाचे जाणकार आपल्या जिल्ह्यांत शोधल्यास सांपडतील. परंतु छापणारा पहिला प्रश्न विचारतो तो हा कीं, "फाईल कोणती आणली आहे ?" या प्रश्नाचें उत्तर नीट देतां यावें, व आणलेली फाईल पेरणीस दगा देणार नाहीं अशी तयार करतां यावी, एवढ्यासाठींच प्रस्तुत लेख आहे.

या विद्येचा इतिहास थोडक्यांत असा. १९८१ सालीं जपानांतील नागोया येथें हिदेओ कोडामा यांनीं प्रकाशानें घट्ट होणाऱ्या राळेचे थर देऊन वस्तु घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८४ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स हल यांनीं अशाच रीतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. वितळलेल्या तारेचे थर देण्याची रीत, जी आपणांस विशेष उपयोगी आहे, ती स्कॉट क्रंप यांची; तिच्या पेटंटाचा अर्ज १९८९ चा. तें पेटंट २००९ मध्यें संपलें आणि तेव्हांपासून हीं यंत्रें झपाट्यानें स्वस्त होत गेलीं.

आतां फाईल म्हणजे काय तें पाहूं. येथें आपल्याच गांवच्या इतिहासांतील एक दाखला उपयोगी पडेल. महंमद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी दौलताबादेस आणली, तिच्याबरोबर विणकर आले आणि हिमरूची कला इकडे रुजली, असें परंपरेनें सांगतात. हिमरूची नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर काढतात. मग कोणत्या वेळीं कोणते ताणे उचलावयाचे हें दोऱ्यांच्या बांधणींत किंवा भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांत उतरवितात. मागास फूल ठाऊक नसतें, वेल ठाऊक नसते. त्याला फक्त ताणा उचलावयाचा कीं नाहीं एवढेंच समजतें. नक्षींत बदल करावयाचा झाल्यास पुठ्ठ्यांवर खटपट करून भागत नाहीं, कागदाकडेच परत जावें लागतें.

त्रिमिती छपाईंतही हीच उतरंड आहे. सर्वांत वर मूळ आराखडा. त्यांत चकतीचा व्यास, जाडी, खाचांची संख्या हीं खरीं मापें असतात व तीं बदलतां येतात. त्याखालीं पृष्ठाची फाईल. तिच्यांत वस्तूची केवळ बाहेरची साल असते. सर्वांत खालीं यंत्राची आज्ञापत्रिका, जिला जी-कोड म्हणतात. तिच्यांत तोटी कोठें न्यावयाची, किती तार सोडावयाची, किती उष्णता ठेवावयाची एवढेंच असतें. जी-कोड एका विशिष्ट यंत्रासाठीं व एका विशिष्ट तारेसाठीं तयार केलेला असतो. सबब दुसऱ्याचा जी-कोड घेऊन आपल्या यंत्रावर चालविणें धोक्याचें आहे. तोटी यंत्राच्या पाटास घासून यंत्र बिघडण्याचा संभव असतो. शेजाऱ्यानें "आमच्याकडे तयार फाईल आहे" म्हटलें, तर ती या तिहींपैकीं कोणती, हें आधीं विचारून घ्यावें.

पृष्ठाच्या फाईलींत सर्वांत रूढ ती एसटीएल. हल यांच्या थ्री-डी सिस्टिम्स या कंपनीसाठीं १९८७ सालीं ती तयार झाली. तिची कल्पना अगदीं साधी आहे. कोणत्याही वस्तूचें पृष्ठ लहान लहान सपाट त्रिकोणांनीं मढवावयाचें आणि प्रत्येक त्रिकोणाच्या तीन टोकांचे अंक लिहून ठेवावयाचे, झालें. साधेपणामुळेंच ती सर्वत्र चालते, आणि साधेपणामुळेंच ती फसविते. तिचे दोष नीट ध्यानांत घेणें जरूर आहे, कारण छापतांना होणाऱ्या बहुतेक घोटाळ्यांचें मूळ येथें आहे.

पहिला दोष असा कीं, एसटीएलमध्यें मापाचें एकक नसतें. फाईलींत १२० असा आंकडा असतो. तो मिलीमीटर कीं इंच हें लिहिलेलें नसतें. १२० मिलीमीटर व्यासाची चकती इंच समजून वाचली तर ती तीन मीटरांहून मोठी दिसेल. उलट इंचांत काढलेली तीच चकती, म्हणजे ४.७२ इंचांची, मिलीमीटर समजून वाचली तर सदऱ्याच्या बटणापेक्षांही लहान होईल. इतकी मोठी चूक कोणाच्याही डोळ्यांस दिसते, म्हणून तिचें भय नाहीं. खरें भय आहे तें यंत्राच्या पाटावर बसावी म्हणून किंवा छिद्र घट्ट वाटलें म्हणून कोणी फाईल शेंकडा दोन-तीन टक्के लहानमोठी करतो त्याचें. चकती दिसावयास तीच राहते, पण खाचेचा आकार बदलतो व दाणा अडकूं लागतो.

दुसरा दोष गोलाईचा. एसटीएलमध्यें वर्तुळ नाहींच. आहे तो अनेक बाजूंचा बहुकोन. १२० मिलीमीटरच्या चकतीची कड ३६ बाजूंनीं काढली तर प्रत्येक बाजूच्या मध्याशीं ती खऱ्या वर्तुळाहून सुमारें ०.२३ मिलीमीटर आंत येते. ७२ बाजू घेतल्यास हा फरक ०.०६ मिलीमीटरच्या आंत जातो. छापण्याचा थर साधारण ०.२ मिलीमीटर जाड असतो, तेव्हां ७२ च्या वर थोड्या बाजू पुरे आहेत. शेंकडों बाजू केल्यानें चकती अधिक गोल छापली जात नाहीं, फाईल मात्र फुगते. एसटीएलच्या द्विमान पद्धतींत प्रत्येक त्रिकोणास ५० बाइट लागतात. दहा हजार त्रिकोणांची फाईल पांच लाख बाइटांची होते, आणि तीच अक्षरी पद्धतींत ठेविली तर कित्येक पट वाढते. म्हणून एसटीएल देणें झाल्यास द्विमान पद्धतीची द्यावी.

गोलाईचा हा प्रश्न छिद्रांत अधिक नडतो. २० मिलीमीटरचें छिद्र १२ बाजूंनीं काढलें तर समोरासमोरच्या बाजूंतील अंतर १९.३२ मिलीमीटरच भरतें, आणि २० मिलीमीटरचा दांडा त्यांत जात नाहीं. त्यांतच वितळलेलें प्लॅस्टिक आंतल्या बाजूस किंचित् पसरतें. मग कारागीर कानस घेऊन बसतो व छिद्र एकीकडे झुकतें. अशी चकती पेटींत वेडीवांकडी फिरते.

तिसरा दोष सालीस पडलेल्या भोकांचा. त्रिकोण एकमेकांस काठोकाठ जुळलेले नसतील, एखादा गळाला असेल किंवा उलटा बसला असेल, तर वस्तूचें आंत कोणतें व बाहेर कोणतें हें यंत्रास समजत नाहीं. गळक्या पखालींत पाणी भरावें तसें होतें. पडद्यावर चित्र नीट दिसतें, पण छापतांना एखादा थर रिकामा सुटतो. फाईल छापण्यास देण्यापूर्वीं ती फ्रीकॅड, मेशलॅब किंवा ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या साधनांत उघडून तपासून घ्यावी. भोकें बुजविण्याची सोय त्यांत आहे. मात्र बुजविल्यावर खाचांकडे एकवार पाहावें, कारण यंत्र कधीं कधीं खाचही भोंक समजून बुजवितें.

इतर फाईलींचें वर्णन लांबविण्याची जरुरी नाहीं. ओबीजे ही वेव्हफ्रंट कंपनीची जुनी फाईल चित्रपटवाल्यांच्या व रंगकाम करणाऱ्यांच्या कामाची. चकतीस रंगाचें प्रयोजन नाहीं. एएमएफ २०११ सालीं प्रमाण म्हणून ठरली, परंतु तिचा प्रसार झाला नाहीं. २०१५ पासून आलेली थ्रीएमएफ मात्र आम्हांस चांगली वाटते. तिच्यांत एकक लिहिलेलें असतें, साल बंद असण्याबद्दल नियम कडक आहेत, एका फाईलींत अनेक सुटे भाग ठेवतां येतात, आणि ती दाबून भरलेली असल्यानें आकारानेंही लहान असते. छापणाऱ्याचें यंत्र ती घेत असेल तर एसटीएलऐवजीं थ्रीएमएफच द्यावी. तो नाहीं म्हणाला तर एसटीएल द्यावी आणि सोबत कागदावर "मापें मिलीमीटरांत, बाहेरचा व्यास १२०" असें ठळक लिहून द्यावें.

जपून ठेवावयाची ती मात्र वेगळीच. मूळ आराखडा स्टेप या प्रकारांत ठेवावा. स्टेप हें आंतरराष्ट्रीय प्रमाण, क्रमांक १०३०३, १९९४ पासूनचें. तिच्यांत वर्तुळ हें खरें वर्तुळ असतें, मापें खरीं असतात, आणि एका कंपनीचें साधन बंद पडलें तरी दुसऱ्यांत ती उघडते. एसटीएलवरून स्टेप करणें म्हणजे पिठावरून गहूं ओळखून तो पुन्हा पेरण्यासारखें आहे. तशी साधनें आहेत, पण त्यांच्या नादीं लागण्यापेक्षां चकती नव्यानें मोजून काढणें कमी वेळाचें. ज्यांच्या घरीं शिकलेलीं मुलें आहेत त्यांनीं ओपनस्कॅड हें साधन पाहावें. त्यांत आकृति आंकड्यांनीं लिहितात. खाचा १२ असें लिहिलेलें असेल तेथें २४ लिहिलें कीं नवी चकती तयार. त्यांतून स्टेप निघत नाहीं हें खरें, पण तें आंकड्यांचें लिखाण हाच मूळ आराखडा होय व तें साध्या मजकुरासारखें जपतां येतें.

आतां खाचांच्या संख्येचा हिशेब, कारण येथेंच पीक बनतें किंवा बिघडतें. समजा, यंत्राच्या जमिनीवरील चाकाचा व्यास ४० सेंटीमीटर आहे. एका फेऱ्यांत तें सुमारें १२५.७ सेंटीमीटर चालतें. चाकाच्या दोन फेऱ्यांस चकतीचा एक फेरा होत असेल व चकतीस १२ खाचा असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यांत ६ दाणे पडतील व दोन दाण्यांतील अंतर जवळजवळ २१ सेंटीमीटर येईल. मक्यास ६० बाय २० सेंटीमीटर अंतर ठेवणाऱ्यांस हें जुळतें. आतां दुसऱ्या यंत्राची, १० खाचांची फाईल कोठून तरी मिळाली, व्यास जुळला, छिद्र जुळलें, आणि ती छापून बसविली तर काय होईल ? चाकाच्या फेऱ्यास ५ दाणे पडतील, अंतर २५ सेंटीमीटर होईल, आणि एकरीं सुमारें ३२,२०० दाण्यांच्या जागीं २६,८०० च पडतील. म्हणजे एकरामागें पांच हजारांवर झाडें कमी. पेरतांना हें कळत नाहीं. उगवण दिसूं लागते तेव्हां कळतें, आणि तोंवर वेळ गेलेली असते. म्हणून आयती फाईल मिळाली तरी चाकाचा व्यास, दातेरी चक्रांचे दांते आणि खाचांची संख्या यांचा हिशेब स्वतः करावा. साखळीचीं दातेरी चक्रें मागें कोणी बदललेलीं असतात, त्यामुळें पुस्तकांतील आंकड्यावर विसंबूं नये. चाक हातानें फिरवून चकतीचे फेरे मोजावे.

खाचेचा आकार आपल्या बियाण्यावरून ठरवावा. पिशवींतील शंभर दाणे घेऊन त्यांतील मोठ्यांत मोठ्यांची लांबी, रुंदी व जाडी व्हर्निअरनें मोजावी आणि खाच मोठ्या दाण्याहून साधारण दशांशानें अधिक ठेवावी. लहान ठेवल्यास दाणा बसत नाहीं किंवा चिरडतो, फार मोठी ठेवल्यास दोन दोन दाणे येतात. मक्याच्या दाण्याची प्रत पिशवीगणिक बदलते, यास्तव दोन-तीन आकारांच्या खाचांच्या चकत्या करून ठेवणें शहाणपणाचें. पूर्ण भरीव छापली तरी १२० मिलीमीटर व्यासाची व ५ मिलीमीटर जाडीची चकती सत्तर ग्रॅमांच्या आसपास भरते. एक किलो तारेंत डझनभर सहज होतात.

मोजणीबद्दल एक सूचना. मोबाईलनें फोटो घेऊन वस्तूची आकृति तयार करण्याची नवी रीत आहे व ती दाखविणारे लोक पुष्कळ भेटतात. पुतळ्यास किंवा मूर्तीस ती ठीक. चकतीस ती उपयोगी नाहीं. त्या रीतीनें लाखों त्रिकोण येतात, पण कड ओबडधोबड येते आणि माप खात्रीचें नसतें. तुटलेली चकती, व्हर्निअर, फूटपट्टी आणि चौकटीचा कागद एवढ्यावर अधिक चांगलें काम होतें. चकती झिजलेली असते हेंही ध्यानांत ठेवावें. छिद्राचें माप चकतीवरून न घेतां दांड्यावरून घ्यावें आणि त्यांत ०.३ मिलीमीटरची मोकळीक मिळवावी. चावीच्या गाळ्यासही तीच मोकळीक. सबंध चकती छापण्यापूर्वीं मधला छिद्राचा भाग तेवढा पांच मिलीमीटर जाडीचा छापून दांड्यावर बसवून पाहावा. अर्ध्या तासाच्या आंत होणारें हें काम पुढचे चार-पांच तास वांचवितें.

आकृतींत आणखी दोन गोष्टी कराव्या. खालचा पहिला थर पाटावर दाबला जाऊन किंचित् फांकतो, म्हणून खालच्या कडेस अर्धा मिलीमीटर उतार द्यावा. नाहीं तर चकती पेटीच्या तळाशीं घांसते. आणि चकती आडवी निजवूनच छापावी. थर एकमेकांस चिकटलेले असतात, एकजीव नसतात. उभी छापलेली चकती दगड लागतांच थराच्या रेषेवर लाकूड फाटावें तशी फाटते.

तारेची निवड हा फाईलीचा विषय नव्हे, तरी फाईल देतांनाच ती सांगावी लागते. पीएलए ही तार सर्वांत स्वस्त व छापण्यास सोपी, पण साठ अंशांच्या सुमारास ती मऊ पडते. आपल्याकडच्या मे महिन्यांत उन्हांत उभ्या असलेल्या लोखंडी पेटींत चकती वांकडी होण्यास तेवढी उष्णता पुरते. पीईटीजी ऐंशी अंशांपर्यंत तग धरते, ती घ्यावी. उन्हांत कायम राहणाऱ्या भागास एएसए अधिक चांगली. नायलॉन झिजेस चिवट खरा, परंतु पावसाळी हवेंतील ओल शोषून घेतो. तार दमट असली कीं छापतांना तडतडते व थर कच्चे राहतात. तार कोणतीही असो, ती डब्यांत बंद करून ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी. वीज मध्येंच गेली तर कांहीं यंत्रें थांबल्या जागेपासून पुढें चालतात, कांहीं चालत नाहींत. हें छापणाऱ्यास आधीं विचारावें.

प्रत्येक भाग छापूनच घ्यावा असेंही नाहीं. सपाट पत्र्याचा भाग असेल, उदाहरणार्थ पट्टी, वॉशर, पाभरीच्या फणाची पकड, तर तो लेझरनें कापून घेणें बळकट व पुष्कळदां स्वस्त पडतें. त्यास त्रिमिती फाईल लागत नाहीं. डीएक्सएफ ही सपाट रेखाटनाची, १९८२ पासून चालत आलेली फाईल पुरते. ट्रॅक्टरच्या ब्रेकचा, सुकाणूचा किंवा पीटीओ दांड्याच्या आवरणाचा कोणताही भाग प्लॅस्टिकचा छापून बसवूं नये. तेथें चकती फुटत नाहीं, माणूस मरतो.

दुसऱ्याची फाईल घेतांना तिच्यासोबतचा परवाना वाचावा. कांहीं फाईली घरच्या उपयोगास मोकळ्या असतात, पण छापून विकण्यास मनाई असते. आपल्या देशाच्या २००० सालच्या आकृति-कायद्याप्रमाणें नोंदलेल्या आकृतीस प्रथम दहा वर्षें व अर्ज केल्यास पुढें पांच वर्षें संरक्षण मिळतें. पेटंट वीस वर्षांचें. ज्यांची मुदत संपली आहे अशा जुन्या यंत्रांच्या बाबतींत अडचण कमी.

संघाच्या सभासदांनीं आपापल्या यंत्रांच्या चकत्यांचे आराखडे एके ठिकाणीं जमा केले तर ऐन पेरणींत धांवाधांव वाचेल, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक चकतीसाठीं तीन वस्तु ठेवाव्या : स्टेप किंवा आंकड्यांचें लिखाण, त्यावरून काढलेली थ्रीएमएफ, आणि मापांचा एक कागद. फाईलीस "चकती-नवी" व "चकती-नवी-शेवटची" अशीं नांवें देण्याची चाल वाईट आहे. नांवांत पीक, व्यास, खाचांची संख्या व तारीख असावी, जसें "मका, १२०, १२ खाचा". कागदाबद्दल आम्ही मुद्दाम लिहितों. दौलताबाद व खुलताबाद यांच्यामध्यें कागजीपुरा आहे, तेथील हातकागद पिढ्यान् पिढ्या टिकतो हें आपण जाणतोंच; फाईल ज्या उपकरणांत असते तें उपकरण मात्र दहा वर्षांत कोणी उघडीनासें होतें. मापें कागदावर असलीं तर चकती पुन्हा काढतां येते. जी-कोड जपण्याची गरज नाहीं, छापून झालें कीं टाकून द्यावा.

चकती हातीं आल्यावर ती तशीच शेतांत नेऊं नये. यंत्र अंगणांत ठोकळ्यांवर उचलून ठेवावें, पेटींत थोडें बियाणें घालावें, खालीं ताडपत्री पसरावी आणि चाक सावकाश वीस फेरे फिरवावें. वरील हिशेबानें एका पेटींतून १२० दाणे पडले पाहिजेत. ११४ ते १२६ पर्यंत फरक चालेल. त्याहून कमी पडले तर खाच लहान आहे किंवा दाणा अडकतो. अधिक पडले तर खाच मोठी आहे किंवा पेटींतील ब्रश जास्तीचा दाणा झाडून टाकीत नाहीं. तुटलेले दाणे वेगळे मोजावे. ते आढळल्यास खाचेच्या कडा बारीक कानशीनें मोडाव्या, तोच बदल मूळ आराखड्यांत व मापांच्या कागदावर उतरवावा, आणि पुन्हा वीस फेरे मोजून मग पेटी भरावी.